कूलिंग टॉवरच्या पाणीमीटरवरील माझ्या तेरा सह्या रद्द करणेबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी,
पंचायत समिती, जुन्नर, जि. पुणे.

विषय : शीतगृहाच्या कूलिंग टॉवरच्या पाणीमीटर नोंदवहीतील माझ्या तेरा सह्या रद्द करून अचानक तपासणी करणेबाबत.
संदर्भ : ग्रामसभा ठराव क्र. ११, दि. ५/११/२०२३.

महोदय,

हातातली फाइल बाजूला ठेवावी आणि कीर्तनाला पुढे सरकून बसतात तसे जरा जवळ बसावे. हकिकत लहान आहे, पण अजून कुणाला सांगवली नाही.

१. आमच्या शिवारातील शीतगृहाच्या गच्चीवर यंत्रे थंड ठेवणारा कूलिंग टॉवर आहे. त्यातले पाणी वाफ होऊन उडते, ते पुन्हा भरावे लागते. हे पाणी गावविहिरीतून, दिवसाला वीस हजार लिटरच्या आत, मीटरमधूनच घ्यावे असा ठराव झाला. मीटर वाचायचा कोणी? सभेत एकच गलका, "कुशाबा वाचील. माळकरी खोटं लिव्हनार न्हाई." एकादशीला मी शेताला सुट्टी देतो, म्हणून दर एकादशीला आकडा घेऊ लागलो. चूक तिथेच झाली.

२. शीतगृहाचे ऑपरेटर गोकुळभाऊ एकोणीस वर्षे कीर्तनात माझ्या मागे पखवाज वाजवतात. मी गेलो की शेंगदाणे, गूळ आणि पेन तयार असायचे. आकडा सदैव मर्यादेत. प्रबोधिनीपासून मोहिनी एकादशीपर्यंत मी तेरा सह्या केल्या.

३. परवा एकादशीला माझा चष्मा तिथेच राहिला. काल सकाळी आणायला गेलो, तर मीटरच्या अलीकडून काढलेल्या जोडपाइपचा व्हॉल्व्ह गोकुळभाऊ दोन्ही हातांनी उघडत होते. पाणी मीटरला वळसा घालून टॉवरकडे चालले होते. मला पाहून म्हणाले, "अवं बुवा, आज कशी वाट चुकली? आज तर बारस हाय!" वर हसले, "तुमी एकादशी धरता, बाकीचे दिस आमी धरतो." महोदय, ज्या नेमाला हा मनुष्य हात जोडायचा, त्याच नेमाच्या आड त्याने व्हॉल्व्ह फिरवला.

४. तरी माझ्या सह्या रद्द कराव्यात. मीटर थेट विहिरीवर बसवावा. आकडा रोज, न सांगता, शक्यतो नेमधर्म नसलेल्या माणसाने घ्यावा. ते तेरा उपवासही रद्द धरण्याची तरतूद आपल्या कार्यालयात असल्यास लागू करावी. देवाकडे कोणत्या नमुन्यात अर्ज करतात ते मला ठाऊक नाही.

५. गावविहिरीच्या शेजारी प्रयागबाई या एकट्या बाईंची विहीर आहे. ती आटत असल्याची तक्रार त्यांनी फाल्गुनात केली, तेव्हा भर सभेत मी नोंदवही उंच धरली. त्या म्हणाल्या, "बुवा, तुमचा मीटर खरा, मंग माझी हीर खोटी का?" लोक हसले. मीही हसलो. तक्रार निकाली निघाली, त्यांचा कांदा वाळला, आणि त्या दोन म्हशी घेऊन मढ गावी लेकीकडे गेल्या. मला गोकुळभाऊंनी फसवले. प्रयागबाईंना मात्र माझ्या शब्दाने फसवले. आपण तपासणीला विहिरीच्या काठावर उभे राहाल, तेव्हा प्रयागबाईंची आठवण ठेवावी आणि त्यांना आपल्या सहीने बोलावणे धाडावे. माझ्या सहीवर त्या येणार नाहीत.

आपला नम्र व चूक कबूल असलेला,
कुशाबा धर्माजी पानमंद
मौजे खोडद, ता. जुन्नर
दि. २१/०५/२०२४

सोबत : नोंदवहीची तेरा पाने. व्हॉल्व्हचा फोटो नाही.