तुझ्या फोनवरून लिहिणारा माणूस

रविवार, १७ मार्च

प्रिय दादा,

नमस्कार. पत्र बघून दचकू नकोस, कुणी आजारी नाही. तुझ्या गोदीतला आचारी सुट्टी संपवून परत निघालाय, त्याच्या हाती हे देते आहे. त्यानं वाटेत उघडू नये म्हणून पाकिटाच्या चारही कडांना डिंक लावलाय. बाबा म्हणाले, "अगं, दादाला तरी उघडता येईल का आता?"

पत्रच का, तर तुझ्या फोनवर सध्या माझा भरवसा नाही. ते पुढे सांगते. आधी घरचं.

आईच्या डोळ्यावरची पट्टी निघाली. दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतंय, पण त्यामुळे तिला घरातली धूळही दिसायला लागलीय आणि आमच्या जिवाला शांतता नाही. बाबांचा खांदा तसाच आहे. तरी रंगाची कामं घेतातच. शिडी धरायला एखादा माणूस ठेवा म्हटलं, तर म्हणतात, "शिडी माझ्यापेक्षा तरणी आहे, ती मला धरते." परवा त्यांना लॉटरी लागल्याचा मेसेज आला. वाचायला नेहमीसारखा माझ्याकडे आणला.

"तिकीट घेतलं होतंत का?" मी विचारलं.

"नाही."

"मग लागेल कशी?"

"म्हणूनच तर मला नवल वाटतंय!"

छापखान्यात माझं नेहमीचंच. औषधाच्या खोक्यात जी घडी घातलेली चिठ्ठी असते, ती मूळ मजकुराशी अक्षर अन् अक्षर ताडून बघायची. घरी आले तरी नजर तशीच राहते; तू मला मास्तरीण म्हणतोस ते उगाच नाही. काल बिस्किटाच्या पुड्यावरही एक चूक सापडली. आई म्हणाली, "आता खाऊ का नको?"

आता आईच्या गाण्याचं. ते तुला मी फोनवर घाईत, अर्धवटच सांगितलं होतं.

तू जाताना सांगून गेलास ना, की आपलं बिटकॉइनचं खातं उघडणारे ते बारा शब्द कागदावर नकोत, फोनमध्ये त्यांचा फोटो तर मुळीच नको. ज्याला ते शब्द कळले त्याचे पैसे. मग ना बँक विचारणार, ना पोलीस आणून देणार. घरात मी आणि आई, दोघींच्या डोक्यात ठेवायचे असं ठरलं. मी पाठ केले. आईला वाचता येत नाही, म्हणून तिला एकेक शब्द म्हणून दाखवला. तिनंही पाठ केले, पण तिच्या पद्धतीनं. तिच्या कामावर, धुलाईघरात, दोघी-दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरी झटकतात, घडी घालतात. त्या झटक्यावर तिनं शब्द बसवले. रिबन, ऑरेंज (झटक!), अंकल, झेब्रा (घडी!). समोरचीला आवडलं, तिनं उचललं. मग सगळ्या खोलीनं. मुकादम म्हणे विचारत होता, "हा झेब्रा कोणाचा अंकल?"

आईला वाटलं, अर्थच कुणाला कळत नाही तर बिघडलं कुठं? तिच्या लेखी गुपित म्हणजे कुणाचं लग्न मोडलं किंवा कुणाला दिवस गेले. रिबन आणि ऑरेंजमध्ये लपवण्यासारखं काय आहे!

आणि मग कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढून टाकला. मला तो जेवणाच्या सुट्टीत छापखान्यातल्या बाईंडरबाईंनी दाखवला. "बघ गं, किती गोड म्हातारी आहे!" म्हटलं, "माझी आई आहे ती." त्या खूश झाल्या. माझ्या हातातला घास तसाच राहिला. आपल्या कुलपाची किल्ली आपली आई साऱ्या जगाला तालासुरात वाजवून दाखवत होती, आणि खाली लोक टाळ्यांची चित्रं टाकत होते.

तशीच उठून बाथरूममध्ये गेले, कडी लावली, नवीन खातं उघडलं, नवे शब्द घेतले. आधी चिमूटभर पाठवून बघितलं. ते पोचल्यावर पत्ता पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत ताडला आणि मग सगळं हलवलं. बाहेरून कुणीतरी दार वाजवून विचारत होतं, बरी आहेस ना. नव्हते. पण पैसे वाचले. आईला मी काही बोलले नाही. म्हणजे थोडं बोलले. ती म्हणाली, "मग आता दुसरं गाणं शिकव." नवे शब्द तिला दिलेले नाहीत.

तुला लगेच कळवायला हवं होतं. पण तू बोटीच्या पोटात वेल्डिंग करत असतोस, तिथे फोन लागत नाही. मी म्हटलं, रविवारी सांगू. त्याच्या आधीच तुझ्या फोनवरून मेसेज आला.

म्हणजे, तुझ्या फोनवरून कुणाचा तरी. त्याच चोराबद्दल लिहायला बसले आहे.

त्यानं विचारलं, खातं रिकामं कसं? जुने शब्द त्याच्याकडे होते. मी तुलाच फोन लावला, गाण्याचं सांगितलं. पलीकडून नुसतं "हं" आणि आवाज फुटत होता. मग पुन्हा मेसेजच: नवे शब्द पाठव, घाई आहे. कशाला, तर म्हणे एका कंपनीत गुंतवले होते, रक्कम दुपटीहून वाढली आहे, फक्त काढण्याआधी कर भरावा लागतो. तेवढा भरला की सगळं मोकळं. त्यानं कंपनीचं इंटरनेटवरचं पानही पाठवलं, हिरवे आकडे वर चढताना दाखवणारं. मी म्हटलं, आता नीट बोल, फोन कर. तो म्हणाला, माइक बिघडलाय. मी म्हटलं, मग सांग, मी पहिल्यांदा शाळेत गेले तेव्हा दप्तर कसलं होतं. चोरानं बरोबर सांगितलं: बाबांच्या रंगाच्या कापडाचं, एका बाजूला निळा डाग. हल्लीचे चोर तयारी करून येतात.

मी नाही म्हटलं. तो चिडला. "सख्ख्या भावावर विश्वास नाही?" असंही लिहिलं. दादा, ते वाचून मी छापखान्याच्या जिन्यात बसून राहिले. पैसे बहुतेक तुझेच. बाबांनी शिडीवरून कायमचं खाली उतरावं म्हणून साठवलेले. आणि देत नाही म्हणणारी मी, जिच्या फीसाठी तू शाळा सोडून गोदीत गेलास. तुझ्या पैशानं शिकले आणि तेच शिकणं तुझ्याच आड उभं केलं, असं वाटलं. पण नियम तूच घालून दिला होतास: "मी स्वतः मागितले तरी मेसेजवर द्यायचे नाहीत." मी तेच पुन्हा लिहून पाठवलं.

ती कंपनी मी तपासली. तिचं पान जन्मून जेमतेम काही आठवडे झालेत. कार्यालयाचा फोटो एका फर्निचरच्या दुकानाच्या जाहिरातीतला आहे, खुर्च्यांवरची किमतीची चिठ्ठी तेवढी पुसलीय. पत्ता दिलाय तिथे तशी कंपनीच नाही. बाबांना मी नाव न सांगता विचारलं, की एक जण म्हणतो, तुमचे पैसे देतो, पण आधी तुम्हीच थोडे द्या. बाबा म्हणाले, "म्हणजे मी भिंत रंगवायची आणि मजुरी हवी तर वर मालकाला मजुरी द्यायची? वा रे मालक!"

तर तो चोर तुला भेटला, तर त्याला एवढं सांग. आणखी एक पैसाही भरू नकोस म्हणावं. ते हिरवे आकडे म्हणजे रंगवलेली भिंत आहे, मागे खोली नाही. अशा कंपनीची वाट कुणीतरी रोज गोड बोलूनच दाखवतं; ते बाई असोत की बुवा, त्यांच्याशी बोलणं बंद कर, पण बोलणं पुसू नकोस. पुरावा आहे, पोलिसांकडे आणि जिथून बिटकॉइन पाठवले तिथे तक्रार करताना लागेल. त्यांनी फोनमध्ये एखादं ॲप घालायला लावलं असेल तर ते काढून टाक. दुसऱ्या चांगल्या फोनवरून सगळे पासवर्ड बदल, आणि लॉगिन करताना येणारा आकडा कुणालाही सांगू नकोस. आणि हे नीट ऐक म्हणावं: थोड्या दिवसांनी कुणीतरी येईल आणि म्हणेल, तुमचे बुडालेले पैसे मी काढून देतो, फक्त माझी फी द्या. तो त्याच टोळीतला दुसरा. त्यालाही नाही म्हण.

गेलेले बहुतेक येणार नाहीत. खोटी आशा मी देणार नाही. पण चोराला हेही सांग की फसणारा मूर्ख असतो असं नाही. आमच्या छापखान्याचे हिशेबनीस, आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढणारे, तेही असेच फसले. कितीतरी दिवस कुणाशी बोलले नाहीत. पैसे गेल्यापेक्षा त्यांना ते न बोलणंच जास्त महागात पडलं, असं त्यांची बायको म्हणाली.

हे सगळं लिहून झालं तेव्हा वाटलं होतं, इथेच थांबावं. तू वाचशील, समजशील, आणि दोघंही मिळून त्या चोराला शिव्या देऊ. तुझी मान खाली जायला नको म्हणून मी हा चोर तुझ्या आणि माझ्या मध्ये उभा केला. पण छापखान्यात मला खोटा मजकूर पुढे सोडता येत नाही, घरी कसा सोडू?

तुझा पहिला मेसेज आहे माझ्याकडे. खातं रिकामं का, हे विचारण्याच्या आधी एक ओळ आहे: "आईची पट्टी निघाली का?" पैसे लुटायला आलेला माणूस आईच्या डोळ्याचं विचारत नाही. आणि मी शेवटचं नाही म्हटल्यावर उत्तर आलं, "बरं. तू जेवलीस का?"

दादा, तेव्हा मी जेवले नव्हते. जेवले असं खोटं कळवलं.

त्यानंतर तुझा एकही मेसेज नाही. किती गेले, ते मला नको सांगूस. सांगावंसं वाटलं तर सांग. आईबाबांना मी काही बोललेले नाही, आणि तुझ्या परवानगीशिवाय बोलणार नाही. आई मात्र हल्ली आपणहूनच म्हणते, "त्याला म्हणावं, तिकडं जमत नसेल तर ये. घर आहे." तिला कोण काय सांगतं, कळत नाही.

पैसे सुरक्षित आहेत. तू आलास की नवे शब्द तुझ्या कानात सांगेन. मग त्यांचं काय करायचं ते तू, मी आणि बाबा समोरासमोर बसून ठरवू. तोवर पुन्हा मागितलेस तर पुन्हा नाहीच म्हणेन, आणि पुन्हा जिन्यात जाऊन बसेन. माझ्यावर चिड, हवं तितकं. पण फोनवर, आवाजात चिड. माइक बिघडला असेल तर आचाऱ्याचा फोन माग. त्याला मी सांगून ठेवलंय.

उत्तर आलं नाही तरी मी वाट बघणार आहे, एवढं ध्यानात ठेव.

तुझेच पैसे तुलाच न देणारी,
तुझी मास्तरीण