उजवा कौल

प्रिय अजिंक्य,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण पत्राची दुसरी कुठली सुरुवात मला येत नाही. तू मागितलेली प्रवासाची आखणी तयार आहे. घटस्फोट घेतलेल्या बायकोला फोन करून, "तू टूरच्या ऑफिसात आहेस, नाताळच्या सुट्टीत आम्हा दोघांना कच्छ, राजस्थान, अमृतसर नीट आखून दे," असं सांगायला जो निगरगट्टपणा लागतो, तो तुझ्यापाशी पहिल्यापासून आहे. मी हो म्हटलं तर तुला नवलसुद्धा वाटलं नाही. आरे-वारेच्या आपल्या त्या होमस्टेच्या घरात पाहुण्यांची अंथरुणं घालता घालता हाच रस्ता मी तुला किती वेळा बोलून दाखवला होता! तुझं उत्तर ठरलेलं, सीझन संपू दे. सीझन संपत राहिले, मग आपणही संपलो, आणि पाहुणी म्हणून उतरलेली मृणाली घरमालकीण झाली.

असो. रस्ता ऐक. पहाटे निघायचं आणि पहिला मुक्काम डहाणूजवळ करायचा. तिथल्या पाड्यावर एक कुटुंब वारली चित्रं काढतं. दुकानातून घेण्यापेक्षा त्यांच्या अंगणात बसून, ते काढताना बघून घ्यावं. पुढे पाटणला राणीची वाव, म्हणजे पायऱ्यांची जुनी विहीर, आणि पटोळा साड्यांचे माग. वाव खोल आहे, सगळ्या पायऱ्या उतरायचा हट्ट नको. वरच्या कठड्यापाशी टेकूनही डोळे भरून दिसते. मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणी मी तळमजल्याचीच खोली घेतली आहे, कमोड असलेली. सकाळचा चहा बिनसाखरेचा, तेही सांगून ठेवलंय. तू म्हणशील, मृणालीचे गुडघे तर ठणठणीत आहेत. असू देत.

भुजला गेल्यावर अजरखपूरला अख्खा दिवस ठेवलाय. तिथे कापडावर लाकडी ठशांनी गडद निळे-तांबडे नक्षीकाम करतात. तुला आठवत नसेल, पण एक पाहुणी तशीच ओढणी विसरून गेली होती. तुझ्या आईंनी ती वर्षभर जपून ठेवली, कुणी मागायला आलं नाही तेव्हा कापून गोधडीच्या मध्यभागी लावली. ती गोधडी शिवताना त्या दर वेळी त्या तुकड्यावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "ह्यो रंग करणाऱ्याचे हात एकदा बघूचे हत गो मला." आपल्या घरात आल्यापासून त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ही एकच इच्छा. बाकी त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्याला काय हवं ते विचारण्यात गेलं.

तिथून जोधपूर, मग सांगानेर, आणि शेवटी अमृतसर. सुवर्णमंदिरात लंगरला जायचं. पंगतीत मांडी घालता आली नाही तर पाय लांब करून बसायचं, आणि दुसऱ्याने वाढलेलं निवांत जेवायचं. उठून कुणाला काय हवं ते बघायचं नाही.

आता तुला थोडंथोडं कळायला लागलं असेल. नसेल तर सांगते. नव्या गाडीतून तू कच्छला जाणार हे कळल्यावर आईंनी तुला विचारलं होतं, मलाही नेशील का. तुला सरळ नाही म्हणता आलं असतं. गाडीत जागा नाही, मृणालीला आवडणार नाही, नाताळात घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, काहीही. पण तू सांगितलंस की देवळात कौल लावला, देवाने डावा दिला, म्हणजे नकार. तुला पक्कं ठाऊक होतं, आपल्या आई, येसूबाई, डॉक्टरशी भांडतील, तुझ्याशी भांडतील, पण देवाने नको म्हटलं की तोंडातून शब्द काढणार नाहीत. आणि तसंच झालं. मिरकरवाड्याच्या मासळी बाजारात भेटल्या तेव्हा सुरमईचा भाव करता करता त्यांनी हे मला सांगितलं आणि पदराने डोळे पुसले. अजिंक्य, तू मला टाकलंस तेव्हासुद्धा मला इतका राग आला नव्हता.

मी त्यांना तशीच देवळात घेऊन गेले. धोंडू गुरवाला विचारलं. तो म्हणाला, "तो कौल लावूक आलाच कुठे? गाडीपुढे नारळ फोडलान नि गेला." आई पायरीवर बसल्या. मग स्वतः उठून म्हणाल्या, माझ्यासाठी लाव. धोंडूने देवाच्या दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, आणि आमच्या डोळ्यांदेखत उजवी पाकळी खाली आली. आई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "देवान उजवा दिलान, आता मी कोण गो नाय म्हणणारी?" गाडी मी चालवणार आहे. तीच मी, जिच्या हातात गाडी म्हणजे माकडाच्या हाती कोलीत असं तू चारचौघांत म्हणायचास.

बुकिंगचे कागद सकाळी स्वतः आणून देते म्हटलं होतं, ते कागद म्हणजे हे पत्र. खोल्या सगळ्या येसूबाई आणि रसिका या नावाने आहेत. तुमच्यासाठी कुठेच काही केलेलं नाही, आणि नाताळात आता कुठे मिळायचंही नाही. तू उठून ओट्यावर आईंनी ठेवलेल्या घराच्या किल्लीखालचं हे पत्र उघडशील तेव्हा आम्ही हातखंब्याचा नाका मागे टाकलेला असेल. दुपारी पाहुणे येतील. वळणावरच्या तुझ्या पाटीवर आईंचा फोटो आहे आणि खाली 'आईच्या हातचं' असं लिहिलंय, तेव्हा ते आईंनाच विचारतील. मोदकांची उकड मृणालीला जमते का बघ. आईंनी तुझ्यासाठी तांदळाचं पीठ दळून ठेवलंय. मी नको म्हटलं होतं, पण आई त्या, ऐकतात कुठे.

मुक्काम मी इतके सविस्तर लिहिले, कारण रोज पाहुण्यांची ताटं वाढताना तुला कळायला हवं, आज तुझी आई कुठे आहे आणि काय बघते आहे. तेवढ्यासाठीच हे पत्र. त्यांना परत बोलावण्यासाठी फोन करू नकोस, त्या तुला देवाला विचारायला सांगतील. धोंडू गुरव संध्याकाळी देवळातच असतो. या वेळी मात्र खरंच जा.

तुझी नव्हे, पण तुझ्या आईची अजूनही सून,
रसिका