तुझी मासोळी चांगली होती

चंद्रपूर
रविवार

प्रिय सत्यशीलाताई,

परवा नागसेन लग्नाची पत्रिका घेऊन आला होता. किती उंच झाला गं तुझा पोरगा! आमच्या दारातून वाकून आत आला. तुझ्या भावजयीनं, खुशबूनं, त्याला जेवू घातलं. जेवण झाल्यावर तो माझ्या पुस्तकांच्या कपाटासमोर उभा राहिला आणि हसत म्हणाला, "मामा, हे सारे कोंबडी भाजाचेच पुस्तकं व्हय?" मी हो म्हणालो. एकतीस आहेत. तो गेल्यावर मी कपाटाचं दार लावून घेतलं.

या नादाची सुरुवात तुला मी कधी सांगितली नाही. नागपूरला पेपर तपासायला गेलो होतो, तेव्हा रस्त्याकडेच्या जुन्या पुस्तकांत एक जाडजूड अमेरिकन पुस्तक मिळालं. अख्खं पुस्तक निखाऱ्यावर मांस भाजण्याचं. पानांवर कुणाच्या तरी तेलकट बोटांचे डाग होते. मी भौतिकशास्त्र शिकवणारा माणूस. आच कुठून येते, मांसात कशी शिरते, झाकण ठेवलं की काय होतं, हे सगळं त्यात इतकं नीट समजावलं होतं की मी बसमध्येच ते निम्मं वाचून काढलं. मग दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. कोरियाचं, तुर्कस्तानचं, अर्जेंटिनाचं. वेल्डरकडून एक ड्रम मधून कापून घेतला, त्याला जाळी बसवली. मांसात खुपसायचा थर्मामीटर मागवला. दर रविवारी अंगणात माझा धूर. तुला फोन करून विचारलं होतं, आठवतं? पुस्तकवाले म्हणतात अमुक झाडाचं लाकूड घ्या, ते आपल्याकडे मिळत नाही, काय वापरू? तू म्हणालीस, "मोहाचं घे पपू, पण वाळलेलं. ओलं घेशीन तं डोयेच जातीन तुये."

खरं सांगू का? आई मजुरीला जायची आणि तू चुलीपाशी असायचीस, तेव्हा घरात तेल नसलं की मासोळी पळसाच्या पानात गुंडाळून निखाऱ्यात जायची. मला ती फार आवडायची. पण कॉलेजात नोकरीला लागल्यावर स्टाफरूममध्ये कुणी लहानपणच्या खाण्याच्या गोष्टी काढल्या की मी गप्प बसायचो. आम्ही चुलीत भाजून खायचो, हे मला सांगता यायचं नाही. तेच भाजणं चकचकीत कागदावर छापून परदेशातून आलं, तेव्हा मात्र मला त्याचा अभिमान वाटायला लागला. त्याला मी बार्बेक्यू म्हणू शकत होतो.

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी प्राचार्य, त्यांच्या मिसेस आणि स्टाफमधले नऊ जण दुपारी जेवायला बोलावले. मी तुला बोलावलं नव्हतं, ताई. तू आपणहून आलीस. खुशबूनं फोनवर सहज सांगितलं आणि तू बंगाली कॅम्पातल्या मासेवाल्याकडून पहाटे जिवंत मरळ घेतलीस, साफ केलीस, हळद-मीठ-लसूण लावून पानात बांधलीस आणि मुलचेऱ्याहून पहिल्या गाडीनं आष्टी, गोंडपिपरी करत आलीस. डब्याच्या खाली तू बर्फ घातला होतास. तो बर्फ मी पाहिला होता. पूर्ण वितळलाही नव्हता.

पाहुणे आले तेव्हा माझ्या कोंबडीच्या तंगड्या जाळीवर होत्या. मी पुस्तक स्टुलावर उघडं ठेवलं होतं, हातात थर्मामीटर. तू बाजूला बसून एका तंगडीला सुरीनं चीर देऊन बघितलीस आणि हळूच म्हणालीस, "हाडापाशी लाल हाय अजून. उलीसाक थांब." सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "ताई, याचं टेंपरेचर असतं. ते तुला नाही कळणार." कुणीतरी हसलं. तूही हसलीस आणि तुझे पुडे घेऊन निखाऱ्याच्या कडेला सरकलीस. नंतर त्या पुड्यांवर सगळे तुटून पडले. प्राचार्य म्हणाले, यंदाच्या स्नेहसंमेलनात तुमच्या ताईंच्या बचतगटाचा स्टॉल लावूच. तुझा चेहरा किती फुलला होता! आणि माझ्या मनात आलं, माझ्या तंगड्यांबद्दल कुणी काही बोललं नाही.

सोमवारी सकाळी सहा जणांना उलट्या आणि हगवण. प्राचार्यांच्या मिसेसना दोन दिवस सलाईन लावावं लागलं. बातमी कळताच मी पहिल्यांदा पुस्तक उघडलं. तक्त्यात कोंबडीसमोर एकशे पासष्ट अंश फॅरनहाइट लिहिलं होतं. मी तंगड्या एकशे पंचेचाळीसला उतरवल्या होत्या. ती वरची ओळ होती, माशाची. वीस वर्षं पोरांना तक्ते वाचायला शिकवतोय, आणि मीच ओळ चुकलो होतो. शिवाय खुशबू कोंबडी खात नाही, तिनं फक्त मासोळी खाल्ली होती, आणि ती ठणठणीत होती. म्हणजे मला सगळं माहीत होतं. हे माहीत असताना मी दवाखान्यात गेलो. प्राचार्यांनी विचारलं, "कशानं झालं असेल हो?" आणि मी म्हणालो, "बहुतेक मासोळी. गावाहून बसमध्ये आणली होती ना."

त्यांनी मान हलवली. त्यांना ते लगेच पटलं. इतकं लगेच पटलं, याचंही मला तेव्हा बरंच वाटलं.

संध्याकाळी तुला फोन केला. आडून आडून तेच बोललो. तू म्हणालीस, "असन बाप्पा. गाडीले लय वेळ लागला होता. साहेबाले सांग, माफ करा म्हणाव." तो माफीचा निरोपही मी पोचवला. स्टॉल रद्द झाला. स्टाफमधल्या एकाची सासुरवाडी आष्टीची, त्याच्याकडून गोष्ट तिकडे पोचली. तुझ्या गटातल्या बायका पंगतीच्या स्वयंपाकाला तुला पुढे ठेवायच्या. त्या आता मासोळी ताजी आहे का विचारायला लागल्या, नंतर बोलावेनाशा झाल्या. हे मला कळत होतं. त्या वर्षात मी आणखी चार पुस्तकं विकत घेतली.

परवा नागसेन जेवता जेवता म्हणाला, "आईले तुमची कोंबडी लय आवडली होती मामा. मासोळी तं तिच्या वाट्याले आलीच नाई, सारी पाहुण्यायनं संपवली. घरी आल्यावर दोन दिवस तिचंबी पोट बिघडलं होतं." तो सहज बोलून गेला. माझा घास हातातच राहिला. ताई, तू मासोळीचा एक तुकडाही खाल्ला नव्हतास. मी केलेली कोंबडी खाऊन तू आजारी पडली होतीस. म्हणजे मी फोन केला तेव्हाच तुला कळलं होतं कशानं झालं ते. अंथरुणात पडल्या पडल्या तू माझ्यासाठी माफी मागितलीस.

आणि निघताना नागसेन म्हणाला, "मामा, जेवणाची काळजी करू नका. आईनं सांगाले लावलं हाय, स्वैपाक गडचिरोलीच्या केटरर्सले देल्ला. आई काहीच रांधून नाई राह्यली." स्वतःच्या पोराच्या लग्नात तू रांधणार नाहीस, हे मला ऐकवलं नाही. काल मी प्राचार्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या मिसेससमोर सगळं सांगितलं. त्यांनी मला पाणीही विचारलं नाही. आज स्टाफच्या ग्रुपवर लिहिलं. तुझ्या गावात मात्र माझा फोन पुरायचा नाही, म्हणून हे कागदावर लिहिलंय, खाली पूर्ण नाव घालून. वाचून झालं की पेटीत ठेवू नको. मला झाकायचं म्हणून फाडू तर मुळीच नको. गटाच्या बैठकीत तुमच्या अध्यक्ष इंदुताईंच्या हाती दे आणि त्यांना मोठ्यानं वाचायला सांग, पहिल्या शब्दापासून. लग्नाला मी त्यानंतरच येईन, आणि तू ये म्हणालीस तरच.

तू माफी मागितलीस त्या अपराधाचा धनी, तुझाच पपू

प्रफुल बापूराव रामटेके