माझ्या गावात घरं उगवेनात

हिर्वीलाम्पी, २४ मे

ती. हेल्काताईस,

धाकट्या ओस्मोचा नमस्कार पोचावा. तुर्कूत तुझं कसं चाललंय, नवा खुबा रुळला का, जिना चढवतो का, हे सगळं मनापासून विचारायचं आहे. पण मागच्या तीन पत्रांतही तेच विचारलं होतं आणि उत्तर म्हणून नाताळचं कार्ड आलं, त्यावर फक्त 'हेल्का'. (आडनाव नव्हतं, म्हणजे नातं अजून शिल्लक आहे असं मी धरून चाललो आहे.) माझी तब्येत ठीक. रक्तदाब आहे, पण तो नगरपालिकेत अडतीस वर्षं काढलेल्या प्रत्येकाला निवृत्तीच्या घड्याळाबरोबरच मिळतो. तळ्यावरचा बर्फ यंदा उशिरा गेला. तुझी भावजय आउने गेल्यापासून घरात बोलणं असं होत नाही, रेडिओ बोलतो आणि मी त्याला खोडून काढतो. आता आधीच सांगून टाकतो : तळ्याच्या किनाऱ्यावरच्या तुझ्या जागेवरून तू माझ्याशी तेहतीस वर्षं धड बोललेली नाहीस, आणि हे पत्र त्याच जागेबद्दल आहे. फाडायचं असेल तर शेवटपर्यंत वाचून फाड. मधला मजकूर करमणुकीचा आहे.

वाचनालयातली साइया तुला आठवत नसेल, तू गेलीस तेव्हा ती शाळेत होती. आता पन्नाशीची आहे आणि दर गुरुवारी आम्हा म्हाताऱ्यांना संगणक शिकवते, म्हणजे आमच्यावर ओरडते. मी औषधांची चिठ्ठी संगणकावरून कशी मागायची ते विचारायला गेलो होतो. तिने चिठ्ठीचं काम एका मिनिटात उरकलं आणि हातात एक खेळ ठेवला. "ओस्मो, जन्मभर गावाचे आराखडे काढलेस. आता हे खेळ. इथे निदान कुणी हरकत घेणार नाही." खेळ शहर वसवण्याचा आहे. पडद्यावर मोकळी जमीन असते. आपण रस्ता टाकायचा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चौकटी उमटतात, त्यांना रंग द्यायचा. हिरवा म्हणजे घरं, निळा म्हणजे दुकानं, पिवळा म्हणजे कारखाने. रंग दिला की माणसं आपोआप येतात आणि घरं बांधून राहतात. आपोआप! ताई, मी अडतीस वर्षं रंगच दिला. स्टेशनमागच्या कुरणावर सेहेचाळीस घरांची वसाहत आखली, दिवे लावले, बसथांबा बांधला, त्याला काचसुद्धा बसवली. तीन कुटुंबं आली, त्यातलं एक परत गेलं. दिवे अजून जळतात. रानटी सशांना त्या उजेडात वाचता आलं असतं तर तिथे एव्हाना चांगली शाळा निघाली असती.

तेव्हा मी ठरवलं की खेळात हिर्वीलाम्पीच वसवायचं, पण जसं व्हायला हवं होतं तसं. १९९१चा आराखडा माळ्यावरून काढला, टेबलावर पसरला, चार कोपऱ्यांवर कॉफीचे डबे ठेवले आणि रस्ता रस्त्यासारखा, वळण वळणासारखं, सगळं हुबेहूब उतरवलं. रंग दिला. वाट पाहिली. एक घर उगवेना. वीज पाहिली, होती. पाणी पाहिलं, होतं. सांडपाण्याचा नळ पिण्याच्या पाण्याच्या वरच्या अंगाला सोडला होता, तो लाजून खाली नेला. कर कमी केले (प्रत्यक्षात हे सुचवल्याबद्दल परिषदेत मला खाली बसवलं होतं). अकरा दिवस गेले. रस्त्यांवर दिवे, थांब्यावर बस, आणि बसमधून उतरणारं कुणी नाही. मला वाटलं, खेळात काही बिघाड नाहीच, बनवणाऱ्यांनी आमच्या गावाची नीट चौकशी करून बनवला आहे.

शेवटी साइयाला घरी बोलावलं. तिने कॉफी घेतली, दालचिनीचा पाव घेतला, पडद्याकडे पाहिलं आणि पाव तोंडात असतानाच हसायला लागली.

"ओस्मो, रस्त्याला लागून असलेली पहिली ओळ रिकामी का सोडलीस? सगळी घरं तिसऱ्या ओळीत रंगवलीयस."

"तिथे झाडं येतील ना. नाहीतर अंगणात उभ्या माणसाला जाणारा येणारा दिसेल."

"मग?"

"मग नमस्कार करावा लागेल."

"अरे माणसा, घराला रस्ता शिवला नाही तर इथे घर उगवत नाही! जगभरचे लोक हा खेळ खेळतात, ही चूक फक्त आपल्याकडचा माणूस करणार."

मी म्हटलं, यात चूक काय, मी गाव असंच आखलं. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी." (तिच्या आईचं घरही माझ्याच आखणीतलं. रस्त्यापासून चाळीस मीटर आत. म्हातारी पडली तेव्हा दोन दिवस कुणाला कळलं नव्हतं. साइया हे बोलली नाही, पण पाव तिने अर्धाच खाल्ला.) पहिली ओळ रंगवली आणि दहा मिनिटांत घरंच घरं! अर्ज नाही, हरकत नाही, सुनावणी नाही, शिक्का नाही. गाड्या भरभरून माणसं येत होती आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी इतका राग आला की मी खेळ बंद करून लाकडं फोडायला गेलो.

आता तुझी जागा. अख्खं गाव भरलं, पण किनाऱ्यावरचा तुझा तुकडा रंग घेईना. चौकटीच उमटत नव्हत्या. मी रस्ता उखडून परत टाकला. वळण सरळ केलं. चढ सपाट केला. दोन रस्त्यांच्या चौकटी एकमेकींवर चढल्या असतील म्हणून एक रस्ता पाडला, त्यात फुकट सात कुटुंबं बेघर झाली (त्यांनी निदर्शनं केली नाहीत, फार समंजस जनता). सगळं गाव पुसून दोनदा पहिल्यापासून वसवलं. दोन्ही वेळा तोच तुकडा रिकामा. तुला हसू येत असेल. प्रत्यक्षातही तिथे काही उगवू दिलं नाही, आणि कारण तुला ठाऊक आहे : आराखड्यात मी तिथे दोन अक्षरं लिहिली, व्हीएल. शेजारच्या सगळ्यांच्या जागांवर एओ, म्हणजे घर बांधा. एकट्या तुझ्या जागेवर व्हीएल, म्हणजे सार्वजनिक विरंगुळ्याची मोकळी जागा, बांधकाम नाही. पेन्टीभावजींनी वर्षभर खपून झोपडीसाठी ओंडके सोलून ठेवले होते. ते अंगणात काळे पडले. मी तेव्हा तुम्हा दोघांना सांगितलं, सख्ख्या बहिणीला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणायला नको, तत्त्व म्हणजे तत्त्व. भावजींनी तुझ्यासमोर मला एक अक्षर उलट बोलून दाखवलं नाही. ते गेले तेव्हा मी पुष्पचक्र पाठवलं आणि स्वतः आलो नाही. या वाक्यापुढे कंस काढून काहीतरी गमतीचं लिहायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

तर साइयाला परत बोलावलं. तिने तुझ्या तुकड्यावरची सगळी झाडं पुसून टाकली, आणि झाडांखाली एक पायवाट निघाली. पायवाट असली की चौकटी उमटत नाहीत म्हणे. मी म्हटलं, खेळाने आपल्या मनाने टाकली असेल. ती म्हणाली, "खेळ स्वतःहून पायवाटा टाकत नाही, ओस्मो. गाव दोनदा पुसलंस आणि दोन्ही वेळा तूच टाकलीस. आणि हे बघ, सुरू कुठून होते." ती माझ्या घराच्या मागच्या दारातून सुरू होत होती. मी म्हटलं, आराखड्यात सार्वजनिक वाट आहे, म्हणून टाकली. ती म्हणाली, "बरं," आणि कोट घालून गेली. आमच्याकडचं 'बरं' तू विसरली नसशील.

असो. फार लांबलं. हवा बरी आहे, डास अजून आले नाहीत. खुब्याला जपून चाल.

तुझा धाकटा भाऊ,
ओस्मो

ता. क. आराखडा यंदा नव्याने होतोय. कचेरीत बघायला ठेवलाय, हरकती चौदा जूनपर्यंत घेणार आहेत. व्हीएल जसंच्या तसं आहे. नव्या मुलीने माझं जुनं टिपण शब्दशः उतरवून घेतलंय, 'सार्वजनिक हित' आणि सगळं. मी माझ्याच आराखड्यावर हरकत लिहिली आहे, चार पानं. कचेरी म्हणते जागेच्या मालकिणीची सही हवी. कागद सोबत आहे. पेनही ठेवलं आहे, कारण पेन सापडलं नाही असं तू म्हणशील.

ता. क. चं ता. क. तत्त्व वगैरे काही नव्हतं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तळं दिसतं ते फक्त तुझ्या मोकळ्या जागेवरून दिसतं. झोपडी झाली असती तर दिसलं नसतं. आउनेला माहीत होतं, ती म्हणायची सांगून टाक. तेहतीस वर्षांत त्या सार्वजनिक जागेवर जनता म्हणून मी एकटाच गेलो.

आणखी एक. घर खिडकीच्या अगदी समोर बांध, हवं तेवढं उंच. मला तळं दिसणार नाही, तू दिसशील. तू तळ्यापेक्षा पुष्कळ बोलतेस, याची मला पूर्ण कल्पना आहे. तरी सही कर.