इंजिनापासून चौथी नळी

३ एप्रिल २०२४

दोरा बाद. रंग लावला की त्याला लव फुटते. वायरीवरचं रबर सोलून पाहिलं – तेही बाद. रेल्वेच्या खऱ्या डब्याची ब्रेकची नळी बावीस इंचांची, स्वतःच्या वजनानं लोंबते. आमच्या मॉडेलात ती पाव इंचाची. तिला वजनच नाही, मग लोंबणार कशी? आगाऊपणे ताठ उभी राहते. एकतीस वर्षं रेल्वेत याच नळ्या जोडल्या नि सोडल्या, आणि आता चिमटा घेऊन बसलोय तर एक जमेना!

बायको, आर्लीन, म्हणाली, "हे टेबल जेवायचं आहे, ठाऊक आहे ना?"

६ एप्रिल

जमली! मासे धरायच्या गळाला वजनासाठी गुंडाळतात ती शिशाची बारीक तार. बोटानं सांगू तशी पडते. टोकाचे, एकमेकांत अडकणारे पंजे पत्र्यातून कापून चिकटवले. काळा रंग दिला नाही – काळी नळी फक्त नवी असते. धुळकट करडी केली, वाकते तिथे जरा फिकट.

मॉडेल रेल्वेच्या क्लबात दाखवली. गॉर्डन आमचा अध्यक्ष, निवृत्त दंतवैद्य. भिंग लावून बघत बसला. "क्लाइड, फुंकर घातली तर पलीकडून हवा येईल रे हिच्यातून. आता अशा वीस कर."

गावाला दीडशे वर्षं होतात म्हणून रेल्वेचं जुनं यार्ड उभं करतोय आम्ही, १९७८ सालचं. धान्यगिरणीचा रूळ, दहा डबे, एक इंजिन. इतर क्लबांत नळ्या लोंबत्याच ठेवतात, नाहीतर वळणावर तुटतात. आमचे डबे नुसते उभे राहणार. तेव्हा नळ्या एकमेकींत जोडलेल्याच हव्यात – हा माझा हट्ट. मान्य झाला.

१० एप्रिल

साल ठाऊक होतं, दिवस आज कळला. गॉर्डनला वर्तमानपत्राच्या कचेरीतून एक फोटो मिळाला, त्याच्यावरून सगळं हुबेहूब करायचं म्हणतो. १२ ऑक्टोबर १९७८. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? तेव्हा तो कोलंबस शहरात दात काढायला शिकत होता.

त्या दुपारी आमच्याबरोबर कामाला असलेला अर्ल टिबेट गेला. शेवटच्या डब्याच्या शिडीवर उभा होता. डबे गिरणीकडे ढकलत होते आणि ते थांबलेच नाहीत. एका ठिकाणी नळी जोडायची राहिली होती, तिथून पुढच्या डब्यांना ब्रेक नव्हते. अर्ल डबा आणि गिरणीची भिंत यांच्यामध्ये सापडला.

नळ्या सकाळी आम्ही दोघांनी जोडल्या होत्या. नदीकडचे पाच डबे माझे, गिरणीकडचे पाच वेंडेल क्राऊसचे. अपघात झाला तेव्हा मी घरी जेवत होतो. चौकशीत विचारलं – इंजिनापासून चौथ्या डब्याची नळी कुणाकडे होती? मी म्हणालो, वेंडेलकडे. खरं तेच सांगितलं. त्याची नोकरी गेली. बावीस वर्षांचा होता.

आर्लीनला फोटोचं बोललो नाही.

१५ एप्रिल

गॉर्डनशी वाजलं. मी इंजिन गिरणीच्या टोकाला लावलं होतं, त्यानं उचलून नदीच्या टोकाला ठेवलं.

"फोटो बघ ना, क्लाइड."

"फोटो काय दाखवतोस मला? मी तिथे होतो."

"मग चष्मा लावून असायचं होतंस."

सगळे हसले. मी नळ्यांची डबी उचलून घरी आलो. इंजिन गिरणीकडेच होतं! नळ्या जोडताना त्याची घरघर एवढी होती की त्या टोकाचा वेंडेल काय ओरडतोय ते मला कळत नव्हतं. हे काय मी स्वप्नात पाहिलं?

१६ एप्रिल

पण डबे गिरणीकडे ढकलायचे, तर इंजिन गिरणीकडे कसं असेल?

१९ एप्रिल

फोटो घरी आणलाय. गिरणीच्या घड्याळात एक वाजून दहा मिनिटं. इंजिन नदीकडे. म्हणजे मी जेवायला गेल्यावर ते शेजारच्या रुळावरून फेरा घालून या टोकाला आलं. असंच करावं लागतं, कुणीही सांगेल. मला का सुचलं नाही?

चौकशीवाल्यांचं इंजिन दुपारचं. मी मोजलं ते सकाळच्या इंजिनापासून. त्यांचा चौथा डबा नदीकडून चौथा. तो माझा.

मॉडेलवर बोट ठेवून मोजलं. गिरणीकडून, मग नदीकडून, मग परत. आता एक-दोन-तीन सुद्धा खरं वाटेना. कुठल्या टोकापासून, हे तेव्हा कुणीच विचारलं नाही. मीही नाही. ती नळी जोडल्याचं माझ्या हाताला आठवतं. पण हाताला हजारो नळ्या आठवतात, त्यातली ती कुठली?

२० एप्रिल

एकही नळी केली नाही.

२४ एप्रिल

आर्लीनला सांगितलं. बटाटे सोलत होती, सोलतच राहिली. "शेहेचाळीस वर्षांनी हे सांगून कुणाचं भलं होणार आहे?" थोड्या वेळानं म्हणाली, "जाणार असशील तर आधी तो शर्ट बदल."

२ मे

वेंडेलकडे गेलो. एका गावात राहून इतक्या वर्षांत दुकानात मान हलवण्यापलीकडे आमचं बोलणं नाही. बाहेरून नुकताच आला होता, बुटांना ओलं गवत चिकटलेलं. आत बोलावलं, कॉफी दिली, रुबार्बच्या आंबटगोड पेस्ट्रीचा तुकडा पुढे केला. मी मॉडेलपासून सुरुवात केली. तो दिवस कुठला ते सांगितल्यावर त्यानं कप खाली ठेवला.

"मीच विसरलो रे ती नळी," तो म्हणाला. "आधी दोन-तीन वर्षं भांडलो सगळ्यांशी, जोडली होती म्हणून. मग वाटलं, एवढे लोक म्हणतात तर नसेलच जोडली. आता तर ती लोंबताना दिसते मला."

मी तोंड उघडलं. तो पुढे बोलतच होता. अर्लची बायको लोइस तेव्हापासून एकटी. दर गुरुवारी हा जाऊन तिच्या अंगणातलं गवत कापतो. चाळीस वर्षं. "तेवढंच आपल्या हातात," म्हणाला. तिथूनच आला होता.

मी पेस्ट्री संपवली, चांगली झालीय म्हणालो, आणि निघून आलो. सांगायला गेलो होतो मी! लाज वाटते लिहायला.

५ मे

चूक त्याची नव्हती हे ऐकून तो सुटेल? की चाळीस वर्षं उगाच राबलो म्हणून मोडेल? न सांगणं ही त्याच्यावरची दया की माझा भित्रेपणा? सकाळी एक वाटतं, दुपारी दुसरं. आर्लीन म्हणते, "मला विचारू नकोस, मी तुला शर्ट बदल एवढंच सांगितलं होतं."

८ मे

सांगितलं. इंजिन, टोक, चौथा डबा, सगळं. वेंडेल उठून गॅरेजमध्ये गेला. मला वाटलं, आता हाकलणार. त्यानं गवत कापायचं यंत्र ढकलत आणलं, माझ्या पिकअपला फळी लावली आणि ते वर चढवलं.

"लोइसला सकाळी दहाच्या आत लागतं," म्हणाला. "कुंपणाजवळचं हातानं काप."

उद्या गुरुवार.