तारा कोण जोडते?

नागपूर, १९३८

तीर्थस्वरूप जगदेवभाऊले,
आत्मारामचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. मी मजेत आहो. आईचा खोकला कमी झाला काय?

गिरणीतला माहा पयला दिवस सांगतो. एक मोटर बंद पडली होती. मी वही घेऊन उभा राह्यलो अन् तारा कोण जोडते त्याची वाट पाहू लागलो. विजेच्या शाळेत तीन वर्षं शिपाईच तारा जोडून देत होता, आमी नुसते मीटरच्या काट्यावरचे आकडे लिहून घेत होतो. गुलाम नबी मिस्त्री म्हणाले, "बाबू, वही पाहून मोटर चालत नसते." सारे हसले.

आता मिस्त्री माह्याच हातानं तारा जोडून घेतात, अन् कोणत्या तारेवर किती भार पडन हे मी त्याइले हिशेबानं सांगतो. काल नोकरी पक्की झाली. बोटाले जरासा चटका बसला, आईले सांगू नका.

भाऊ, तुमीबी मले कधी कासऱ्याले हात लावू देल्ला नाही. "तू शिक" म्हणत सारं तुमीच केलं. दिवाळीले आलो का बैल मी जुंपीन. तुमी वही घेऊन वावराच्या धुऱ्यावर बसा.

तुमचा धाकटा,
आत्माराम