हरळीचं पाणी

बारामती, ता. ९ जानेवारी १९३८

ती. आक्काच्या पायी सावळारामचा नमस्कार वि. वि.

शाळा, घर सर्व ठीक. तुझा गुडघा कसा आहे ते तुझ्या सुनेला, कौसल्येला, लिहायला सांग.

जगभर खेळत फिरणारा एक परदेशी फुटबॉलसंघ २० फेब्रुवारीला बारामतीत सामना खेळणार आहे. स्वागत समितीचा चिटणीस मी. मैदानाला हिरवळ हवी आणि हिरवळीला पाणी. अंथुर्ण्याने पाटाची आपली एक पाळी खुशीने सोडली, तर कालवा खाते ती मैदानाला देईल. अर्ज मी लिहिला आहे, सोबत पाठवतो. लोक कांकू करतात. तू पहिला अंगठा दिलास तर बाकीचे देतील. बहिणीला असे पुढे करणे बरे नव्हे, असे रात्री रोजनिशीत लिहिले, आणि सकाळी तुला हे पत्र लिहितो आहे. एकच पाळी. पोरांना जग दिसेल.

माया आहे तशीच राहू दे.
सावळाराम

अंथुर्णे, ता. १५ जानेवारी

चि. सावळारामास बनाबाईचे आशीर्वाद.

मी सांगतीया, कौसल्या लिवतीया. गुडघा हाय तसाच हाय. अंगठा दिला. माझा बघून शेजारच्या महिपतीरावानं दिला, मग सगळ्यांनीच. तुझी माणसं हिरवळीसाठी आमच्या बांधावरची हरळी गाडीभर उपटून घेऊन गेली. अरं, हरळी खणून खणून माझी बोटं वाकडी झाली, अन् तू बी.ए. होऊन तिला पाणी पाजतोस व्हय? गाव हसतंय.

एक ध्यानात ठेव. आईनं माहेराहून, वरकुट्याहून, पदरात बांधून आणलेल्या कांद्याचं बी आता माझ्याकडंच हाय. कांद्याचं बी दुसऱ्या वर्साला उगवत न्हाय, दरसाल नवं धरावं लागतं. पावसाळ्यात साठवलेला कांदा सडला, उरला तेवढा सगळा बियाला लावलाय. फुलांचे डेंगळे गुडघ्याच्या वर आलेत. एक पाळी गेली तर तग धरतील. दुसरी गेली तर गोंडे पोकळ ऱ्हातील. दुसरी चुकवू नगं.

पोराबाळांना माझा पापा.
बनाबाई

बारामती, ता. १२ फेब्रुवारी

ती. आक्कास नमस्कार.

काल समितीने दुसरीही पाळी घेतली. हरळी पिवळी पडली होती, आणि मोठे साहेब पाहणीला यायचे होते. गावाने एकदा खुशीने दिले आहे, पुन्हा विचारायचे कशाला, असे अध्यक्ष म्हणाले. मी बोलायला उठलो. उठून ठरावातली एक इंग्रजी चूक सुधारली आणि खाली बसलो. तुझे पत्र तेव्हा माझ्या खिशात होते.

मैदानाला तारेचे कुंपण झाले. म्हस्कू परिटाची कपडे वाळवायची जागा आत गेली. तो बिऱ्हाड घेऊन इंदापूरला निघून गेला. त्याच्या जाण्याबद्दल समितीत कोणी विचारले नाही. मीही नाही.

विहिरीवर काही भागेल का? लगेच कळव.
सावळाराम

अंथुर्णे, ता. २१ फेब्रुवारी

चि. सावळारामास आशीर्वाद.

विहिरीत गाळ हाय. कौसल्येनं अन् मी घागरींनी दोन वाफे भिजवले, ते दुपारपातूर उन्हानं पिऊन टाकले. काल गोंडा हातावर चोळला. नुसता भुसा.

प्रयागबाई पाणवठ्यावर म्हणाली, बनाबाईचा अंगठा लई मोठा, सगळ्या गावाला पुरला. तिची वांगी उभी वाळलीत. तिनं म्हणावंच.

तुमचा खेळ कसा झाला?
बनाबाई

बारामती, ता. १ मार्च

ती. आक्कास नमस्कार.

नऊ गोलांनी हरलो. त्यांच्या कप्तानाने वाकून गवतावर हात फिरवला आणि म्हणाला, घरची आठवण झाली. मी टाळ्या वाजवल्या. चारच्या गाडीने ते गेले.

आता समितीला दरसाल असा संघ आणायचा आहे. मैदान राखायला दर माघात तुमची एक पाळी मागितली, आणि ती मंजूरही झाली. मी कालव्याच्या कचेरीत गेलो. साहेबांनी माझाच अर्ज माझ्यापुढे ठेवला, तुझा अंगठा दाखवला आणि माझ्या इंग्रजीची तारीफ केली.

पाळी परत मिळावी म्हणून नवा अर्ज लिहायला घेतला आहे. गावाला सांग. बियाचाही शोध करतो. रागावली असलीस तरी दोन ओळी पाठव.
सावळाराम

अंथुर्णे, ता. ११ मार्च

चि. सावळारामास आशीर्वाद.

राग न्हाय. बी शोधू नगं. वरकुट्याला माणूस धाडला हुता. मामाच्या घरी आता पेठेतलं बी लावत्यात. वाफे मोकळे पडलेत, कडंनं हरळी आत शिरतीया. तिला कुणी पाणी दिल्यालं न्हाय.

परवा चावडीत समदे बसले हुते. अर्ज करायचं ठरलंय. सावळाराम लिवून देतो म्हणतोय, असं मी सांगितलं. महिपतीराव म्हणाला, मास्तराच्या हातचा कागद नगं, इंदापुरातनं कुणाकडनं तरी लिवून घेऊ. मग समदे माझ्याकडं बघत बसले. तू माझा पाठचा भाऊ, तवा मी काय तरी बोलंन असं त्यांला वाटलं.

मी बोलले न्हाय.

यंदा तुला कांदा धाडायला जमायचं न्हाय. बाजारातनं घे. जिवाला जप.
बनाबाई